सकाळी आठचं कॉर्टिसोल

कॉर्टिसोलच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ नोंदलेली असते. बहुतेकांची नजर तिच्यावरून निसटून थेट आकड्याशेजारच्या ‘कमी’ या शेऱ्यावर जाते. पण वेळ काढून टाकली तर आकड्यात फारसा अर्थ उरत नाही.

या कहाणीत आजार आधी सापडला, कॉर्टिसोल हे संप्रेरक पुष्कळ नंतर. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉ. थॉमस ॲडिसन यांनी 1855 साली अकरा रुग्णांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. वाढता अशक्तपणा, क्षीण नाडी, मळमळ आणि अंगावर चढत जाणारा काळपट तांबूस रंग. शवविच्छेदनात मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या दिसल्या. त्यांतल्या अनेकांच्या ग्रंथींना क्षयाने ग्रासलं होतं. पुढच्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या, प्राणी दगावले. ग्रंथींवाचून जगणं नाही एवढं कळलं, पण जिवंत माणसात त्या किती काम करतात हे कसं मोजायचं?

बराच काळ उत्तरं आडवाटेचीच होती. 1940च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पाण्याची चाचणी निघाली. रात्रभराची लघवी साठवायची, सकाळी वजनाच्या हिशेबाने भरपूर पाणी पाजायचं आणि मग तासातासाला लघवी मोजायची. निरोगी माणूस ते पाणी भराभर बाहेर टाकतो. दिवसाच्या एकाही तासाचं माप रात्रीच्या एकूण मापापुढे गेलं नाही, की ॲडिसनच्या आजाराचा संशय बळावे. 1948मध्ये बोस्टनच्या जॉर्ज थॉर्न यांनी वेगळी युक्ती काढली. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी अधिवृक्कांना ज्या संप्रेरकाने कामाला लावते, त्या एसीटीएचचं इंजेक्शन द्यायचं आणि चार तासांनी रक्तातल्या इओसिनोफिल पेशी मोजायच्या. त्या निम्म्याने उतरल्या नाहीत, तर ग्रंथींनी हुकूम पाळला नाही असं समजायचं.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञ केंडॉल आणि राइकश्टाइन यांनी ग्रंथींतली संप्रेरकं वेगळी काढली होती. डॉ. हेंच यांच्यासह त्यांना 1950चं नोबेल मिळालं. मग रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये इन्सुलिन मोजण्यासाठी रेडिओइम्युनोअसे ही पद्धत शोधली. पुढे त्याच धर्तीवर थोड्याशा रक्तातलं कॉर्टिसोलही मोजता येऊ लागलं.

आकडा हाती आला, तसा त्याचा लहरीपणाही दिसला. कॉर्टिसोल पहाटे चढतं, मध्यरात्री तळाला जातं. सकाळी आठच्या नमुन्यात साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर अपेक्षित असतं. रात्री उशिरा 3 आलं तर त्यात नवल नाही. सकाळी मात्र 3च्या खाली गेलं तर कमतरतेची दाट शक्यता; 15-18च्या वर असेल तर ती शक्यता फारशी उरत नाही. मधल्या पट्ट्यात थॉर्न यांचीच युक्ती कामी येते: 250 मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून अर्ध्या तासाने आणि तासाने पुन्हा रक्त घेतात. हीच सिनॅक्थेन चाचणी.

कमतरता ठरली की एसीटीएच पाहतात. ते चढलेलं असेल तर दोष अधिवृक्कांत. नसेल तर वर पिट्युइटरीकडे किंवा त्याहूनही वर मेंदूकडे बोट जातं. अशा वेळी फार आढळणारं कारण म्हणजे बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइड. ही कॉर्टिसोलसारखी औषधं बाहेरून मिळत राहिली की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं आवरतं घेतं. सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. रक्त किती वाजता दिलं ते सांगा. गोळ्या, इन्हेलर, मलम, इंजेक्शन आणि पुड्या, काहीही लपवू नका. गर्भनिरोधक गोळ्यांनी हा आकडा फुगतो, तेही सांगा. आणि स्टेरॉइड चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नका. त्यातून जिवावर बेतू शकतं.