खुर्चीचे भाडे आणि डावातला वाटा

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला गार्डिना नावाचे छोटे शहर आहे. १९३६ साली अर्नी प्रिम यांनी तिथे पोकरचा क्लब काढला. पुढे क्लबांची संख्या सहावर गेली आणि अनेक दशके अमेरिकेत पोकर म्हटले की गार्डिनाचे नाव निघू लागले. या क्लबांमध्ये दारू मिळत नसे. पत्ते खेळणारे स्वतःच पिसत आणि वाटत. क्लब कोणत्याही डावातून एक सेंटही काढत नसे. दर अर्ध्या तासाने क्लबची मुलगी टेबलाशी येई, प्रत्येकाकडून ठरलेल्या चिप्स घेई आणि पुढच्या टेबलाकडे जाई. जिंकणारा आणि हरणारा सारखेच देत. मोठ्या रकमेच्या टेबलावर दर जास्त, छोट्या टेबलावर कमी, एवढाच फरक.

मी पुण्यातल्या एका जिमखान्याच्या कार्डरूमचा कारभार बरीच वर्षे पाहिला. आमच्याकडे ब्रिज आणि रमी चाले आणि ‘टेबल मनी’ सभासदाच्या खात्यावर मांडला जाई. म्हणून गार्डिनाविषयी वाचले तेव्हा तिथल्या खेळाडूंच्या गोष्टींपेक्षा त्या मुलीच्या हातातल्या चिप्सनी मला जास्त ओढून घेतले. शेजारच्याच नेव्हाडा राज्यात १९३१ पासून जुगार कायदेशीर होता आणि तिथले ‘घर’, म्हणजे खेळ चालवणारा मालक, प्रत्येक डावाच्या पॉटमधून, म्हणजे डावावर लागलेल्या एकूण रकमेतून, टक्केवारी काढत असे. ही टक्केवारी दहाच्या वर जाऊ नये असा तिथला नियम आहे. दोन राज्यांची हद्द एक, पत्ते तेच, मग वसुली इतकी वेगळी का?

कारण कायद्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचे ३३० वे कलम दोन गोष्टींना मनाई करते: घर स्वतः खेळाडूंविरुद्ध पैसे लावते असे खेळ, आणि घर टक्केवारी घेते असे खेळ. १८८५ मध्ये त्या यादीत ‘स्टड-हॉर्स पोकर’ हा एक प्रकार नाव घेऊन घातला गेला. १९११ मध्ये राज्याचे महाधिवक्ता युलिसिस वेब यांनी मत दिले की ड्रॉ पोकर हा स्टड-हॉर्स नव्हे, त्याला ही बंदी लागत नाही. ज्या गावाला चालेल त्याने तो चालू द्यावा. मात्र टक्केवारीची मनाई तशीच राहिली. तेव्हा क्लबवाल्यांनी पत्त्यांना हात न लावता खुर्ची भाड्याने दिली.

ही नुसती पळवाट नव्हती. त्या वेळी गार्डिनात खेळला जाणारा ‘जॅक्स ऑर बेटर’ हा ड्रॉ पोकर घ्या. पाच पत्ते हातात येतात. गुलामांची जोडी किंवा त्याहून वरचे काही असेल त्यालाच बोली उघडता येते. कोणाकडेच तसे पत्ते नसले तर डाव फुकट जातो आणि पत्ते पुन्हा पिसले जातात. टक्केवारीवर जगणाऱ्या घराला अशा डावातून फारसे काही मिळत नाही. भाडे घेणाऱ्याला त्याची फिकीरच नाही. खेळणाऱ्याचे गणितही पालटते. टक्केवारी फक्त पॉट जिंकणाऱ्याच्या खिशातून जाते, म्हणून तिथे मोजके डाव खेळणारा सावध माणूस घराला कमी देतो. भाड्याच्या टेबलावर पत्ते टाकून देणाराही तेवढेच देतो. तिथे खरा शत्रू म्हणजे रेंगाळणारा. कोणी पत्ते वाटायला वेळ लावला की आठही जणांचा भाड्याचा अर्धा तास वाया जातो.

टक्केवारीचे ओझे डोळ्यांना दिसत नाही, हे मला सर्वांत गंभीर वाटते. हिशेब करून पाहा. आठ जण प्रत्येकी १०० डॉलर घेऊन बसले, तासाला तीस डाव झाले आणि दर डावातून सरासरी तीन डॉलर गेले, तर तासाला नव्वद डॉलर टेबलावरून उठतात. कोणी नव्याने पैसे आणले नाहीत तर नववा तास संपायच्या आत आठशेच्या आठशे डॉलर घराचे झाले. यात कोणी कोणाला फसवलेले नाही, फक्त खेळले आहेत. भाड्यातही पैसा जातोच, आणि छोट्या टेबलावर तो बोचतो. पण तिथे माणसाला आपण किती देतो हे बसण्याआधी माहीत असते.

१९८० नंतर बेल, कॉमर्स, बेल गार्डन्स या शेजारच्या गावांनी मोठे क्लब उघडले आणि गार्डिनाची सद्दी संपत गेली. १९८७ मध्ये होल्डेम आणि स्टड हे प्रकारही न्यायालयाने मोकळे केले. या खेळांबरोबर क्लबचा पगारी डीलर आला, तासाभरात होणारे डाव वाढले आणि लहान टेबलांवर डावामागे ठरावीक रक्कम घ्यायची पद्धत रुळली. मोठ्या रकमेच्या टेबलांवर मात्र वेळेचे भाडे टिकले. टक्केवारीची मनाई अजूनही पाळली जाते: डावामागची रक्कम पत्ते वाटण्याआधीच ठरलेली असावी लागते, पॉटच्या प्रमाणात वाढवता येत नाही. माझी मुलगी टॉरन्सला, गार्डिनाला लागूनच राहते. तिच्याबरोबर मी तिथला एक क्लब पाहिला. डीलर डावाच्या चिप्समधून क्लबचा वाटा टेबलातल्या फटीत टाकी, आणि लहान टेबलावरच्या माणसाला तो जड जाई हे उघड दिसत होते. चाळीस डॉलरच्या पॉटमधून पाच गेले आणि चारशेच्या पॉटमधूनही पाचच गेले, तर गरीब टेबल श्रीमंत टेबलापेक्षा दहापट भाव देते.

आपल्याकडे या दोन्ही वसुल्या फार जुन्या. कौटिल्याने द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घ्यायला सांगितले, आणि त्याशिवाय कवड्या-फाशांचे भाडे आणि पाणी व जागेचे पैसेही. म्हणजे टक्केवारी आणि भाडे, दोन्ही. याज्ञवल्क्यस्मृतीत शंभर किंवा जास्त जिंकणाऱ्याकडून पाच टक्के, बाकीच्यांकडून दहा टक्के. थोडे जिंकणाऱ्यावर दर दुप्पट, हे तेव्हाही होते.

इंग्रजांनी मात्र आपल्याकडे कॅलिफोर्नियासारखी वाट ठेवली नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात टक्केवारी आणि भाडे असा भेद नाही. नफ्यासाठी जागेचे किंवा साधनांचे भाडे घेतले तरी ते घर जुगाराचे. सूट फक्त कौशल्याच्या खेळाला. म्हणून आपल्याकडचा वाद वसुलीच्या पद्धतीवरून खेळाच्या स्वरूपावर गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबचा रमीचा खटला आला, तेव्हा दोन्ही गोष्टी तपासल्या गेल्या. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला, आणि क्लबच्या शुल्कांचाही विचार झाला. रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्याकडून घेतले जाणारे जादा पैसे न्यायालयाला वावगे वाटले नाहीत: उशिरापर्यंत थांबणाऱ्या नोकरांचा जादा मेहनताना आणि दिव्यांचा खर्च भागवायला क्लब असे पैसे लावतातच. तरी घर खेळातूनच नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही त्याच निकालात बजावले आहे. आमच्या जिमखान्याच्या टेबल मनीचे दर ठरवताना मी हा निकाल समितीपुढे वाचून दाखवत असे, आणि दर रकमेवर नव्हे, घड्याळावर बांधावेत असाच आग्रह धरी.