तळटीप : टेलोमिअर

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकांवरचे संरक्षक आवरण. आंधळगावच्या कोसा साडीच्या पदराला गाठी मारल्या की धागे सुटत नाहीत, तसेच हे. पेशी विभागताना ते दर वेळी थोडे झिजते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीत ते शेजारच्या निरोगी अस्तरापेक्षा बहुधा आखूड असते, हे १९९० मध्येच नोंदले गेले. पुढे टेलोमरेज हे विकर ही झीज भरून काढून गाठीतल्या त्याच पेशींना अमर्याद वाढू देते. रक्तातल्या पेशींची टेलोमिअर-लांबी मोजून मात्र हा रोग ओळखता येत नाही. त्याबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. अशा चाचणीवर पैसे घालवू नयेत, असे मला कळकळीने वाटते. त्यापेक्षा शौचातून रक्त जात असेल तर नुसती मूळव्याध समजून अंगावर काढू नका, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. – संपादक