कुरिंजी आणि तांबेरा

सह्याद्रीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी ठाऊक असेल. तिची थोरली बहीण म्हणावी अशी नीलकुरिंजी केरळ-तामिळनाडूच्या उंच डोंगरांवर बारा वर्षांनी फुलते. १९९४, २००६ आणि २०१८ हे तिचे अलीकडचे बहर. उतारच्या उतार निळे होतात, बी धरते आणि फुललेली झुडपे एकदमच मरून जातात. एवढे बी एका वेळी पडले की खाणाऱ्यांची पोटे भरूनही पुष्कळ उरते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. थव्याने फुलणे हेच तिचे संरक्षण होय.

याच थव्याने समुद्रापलीकडे एका झाडाचा घात केला. सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, इंग्रज मळेवाल्यांनी डोंगरावरचे अरण्य तोडून मैलोगणती एकटी कॉफी लावली होती. १८६९ साली तिच्या पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसू लागली. हाच तांबेरा. बर्कले आणि ब्रूम यांनी या बुरशीला जे लॅटिन नाव दिले, त्यात ‘विध्वंसक’ या अर्थाचा शब्दच आहे. १८८० साली मार्शल वॉर्ड हा पंचविशीतला शास्त्रज्ञ तपासासाठी तेथे गेला. पानावरच्या पाण्यात बीजाणू रुजतात, सूक्ष्म रंध्रांतून आत शिरतात आणि काही आठवड्यांत नवी भुकटी तयार होते, हे त्याने दोन वर्षे खपून दाखवून दिले. मळेवाल्यांना हवे होते औषध. वॉर्डने बोट ठेवले ते त्यांच्या सलग लागवडीवर. असा अहवाल वाचणारांस कितपत रुचतो, हे सरकारी नोकरीत केस पिकू लागलेल्या मला निराळे सांगावयास नको! वीसएक वर्षांत कॉफी बहुतेक नाहीशी झाली आणि जेम्स टेलरने १८६७ साली लावून पाहिलेला चहा तिच्या जागी आला.

कुरिंजीभोवती गवत असते, घळींतून शोला वने असतात. कॉफीभोवती कॉफीच होती. फरक पडला तो येथे.

पुढे मुन्नारच्या डोंगरांवरही चहा चढला, मागोमाग निलगिरी आणि वॉटलची लागवड आली, आणि कुरिंजीचे उतार आक्रसत गेले. तांबेऱ्याने जे कधी केले नसते, ते कुदळीने केले. २००६ च्या बहरात केरळ सरकारने सुमारे ३२ चौरस किलोमीटरचे कुरिंजी अभयारण्य जाहीर केले. त्याच्या सीमेचा वाद मात्र वर्षानुवर्षे चालला. तांबेरा १९७० साली ब्राझीलला पोहोचला. ते वर्षही कुरिंजीच्या बहराचेच होते. तिचा पुढचा बहर २०३० साली यावयाचा आहे.