गोठ्याभोवती वसलेले राज्य

'झुलू' हे नाव उच्चारताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ढाल आणि भाला घेतलेला योद्धा उभा राहतो. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि ते रंगविणारा हात बहुधा झुलूंच्या शत्रूचा किंवा त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याचा होता. ज्या लोकांनी आपल्या वस्तीच्या मध्यभागी गढी न बांधता गुरांचा गोठा बांधला, त्यांच्या इतिहासाचा आरंभ रणांगणापासून न करता त्या गोठ्यापासूनच करणे इष्ट होय.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, तुगेला आणि पोंगोला या दोन नद्यांच्या मध्ये झुलूंचा मूळ मुलूख पसरलेला आहे. पूर्वेस हिंदी महासागर. पश्चिमेस दूरवर ड्रेकन्सबर्ग पर्वताची उत्तुंग भिंत. किनाऱ्यालगतची जमीन सखल व दमट, तर आतील नद्यांच्या दऱ्या उष्ण व काटेरी झुडुपांनी भरलेल्या. त्यांच्या वरच्या अंगास गवताळ टेकड्यांच्या रांगा लागतात. उन्हाळी पावसात टेकड्यांवरील गवत कोवळे आणि कसदार असते, परंतु लवकरच ते निबर होते. दऱ्यांतील गवत मात्र कोरड्या थंडीतही गुरांना पोसते. हे दोन्ही प्रकारचे गवत थोड्या अंतरावर मिळत असल्यामुळे ऋतूप्रमाणे गुरे हलविता येत, आणि म्हणूनच हा मुलूख गोपालकांना विशेष मानवला.

झुलू कुटुंबाच्या वस्तीस 'उमूझी' म्हणतात. मध्यभागी वर्तुळाकार गोठा, आणि त्याच्याभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकृती, गवताने शाकारलेल्या झोपड्या. दार इतके ठेंगणे की आत शिरणाऱ्याने वाकलेच पाहिजे. धान्याची पेवेही गोठ्यातच खणलेली असत. पितरांना बळी अर्पण करावयाचा तो तेथेच, आणि घरातील कर्त्या पुरुषाचे दफन होई तेही त्याच्याच कडेस. शेतीचा भार स्त्रियांवर असे. गुरांची राखण मुलगे व पुरुष करीत. भोपळ्यात विरजलेले आंबट दूध, ज्यास 'आमासी' म्हणतात, हा नित्याच्या आहारातील मुख्य पदार्थ. विवाहप्रसंगी वरपक्षाने वधूच्या घरी गुरे द्यावयाची, या रीतीस 'लोबोला' असे नाव आहे. गुरांच्या रंगांसाठी झुलू भाषेत शेकडो नावे आहेत. एखाद्या गाईच्या अंगावरील ठिपके पाहून तिला चंडोलाच्या अंड्यांची उपमा देणारी ही भाषा केवळ युद्धाच्या आरोळ्यांची भाषा असणे शक्य नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस 'झुलू' हे एका लहानशा कुळाचे नाव होते. त्या शब्दाचा अर्थ आकाश. कुळाचा नायक सेन्झांगाखोना आणि नांदी यांचा पुत्र शाका हा सुमारे १७८७ साली जन्मला. बापाच्या घरी त्यास व त्याच्या आईस थारा मिळाला नाही. म्तेत्वा लोकांचा राजा डिंगिस्वायो याच्या पदरी त्याने शिपाईगिरी केली, आणि १८१६ च्या सुमारास त्याच राजाच्या पाठबळावर तो आपल्या कुळाचा नायक झाला. पुढील बारा वर्षांत त्याने आसपासची कुळे जिंकून किंवा वश करून एक राज्य उभारले. लांबून फेकण्याच्या भाल्याऐवजी हातघाईचा आखूड भाला, आणि बैलाच्या मस्तकासारखी सैन्यरचना, ही त्याच्या युद्धपद्धतीची प्रसिद्ध लक्षणे. त्या रचनेत मधली तुकडी छातीप्रमाणे शत्रूस भिडे, दोन बाजूंच्या तुकड्या शिंगांप्रमाणे त्यास वेढीत, आणि राखीव दल मागे थांबे. म्हणजे रणांगणावरही या लोकांनी बैलच उभा केला होता.

राज्याचा खरा कणा म्हणजे 'आमाबुतो', समवयस्क तरुणांच्या पलटणी. तरुण वयात येताच राजाच्या छावणीत दाखल होई, राजाची गुरे राखी, शेते नांगरी, आणि हुकूम होताच लढाईस जाई. पलटणींच्या ढाली राजाच्याच खिल्लारांतील कातड्यांच्या असत, आणि ढालीच्या रंगावरून पलटण ओळखू येई. राजाची परवानगी मिळेपर्यंत विवाह करता येत नसे. अशा रीतीने तारुण्य, श्रम आणि गोधन या तिन्हींवर राजाची सत्ता चाले.

शाका कठोर होता यात संशय नाही. १८२८ च्या सप्टेंबरात त्याच्याच सावत्र भावांनी, डिंगाने व म्हलांगाना यांनी, त्याचा वध केला. परंतु त्याच्या क्रौर्याच्या ज्या कथा जगभर पसरल्या त्यांचा उगम ध्यानात ठेवला पाहिजे. नॅथॅनिएल आयझॅक्स या व्यापाऱ्याने १८३२ साली आपला सहकारी हेन्री फिन यास पत्र लिहून, ग्रंथ लिहिताना या राजांना होईल तितके रक्तपिपासू रंगवावे असा सल्ला दिला होता. पुढे नाताळमधील अधिकारी जेम्स स्टुअर्ट याने १८९७ नंतरच्या पंचवीस वर्षांत सुमारे दोनशे माहीतगारांच्या तोंडून जुन्या हकीकती उतरून घेतल्या. त्यांत शाकाची निंदाही आहे आणि स्तुतीही. १९२२ साली मागेमा फुझे याने आपल्या लोकांचा वृत्तांत झुलू भाषेतच छापून प्रसिद्ध केला. त्याआधी हा इतिहास राजस्तुती गाणाऱ्या भाटांच्या, म्हणजे 'इम्बोंगीं'च्या, कंठात सुरक्षित होता.

डिंगानेच्या कारकिर्दीत बोअर शेतकरी ड्रेकन्सबर्ग ओलांडून आले. १८३८ च्या फेब्रुवारीत त्याने त्यांचा पुढारी पीट रेटीफ यास सोबत्यांसह ठार केले. त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी न्कोमे नदीकाठी बंदुकांपुढे झुलूंचा मोठा संहार झाला. पुढे म्पांडे याने १८४० पासून बत्तीस वर्षे राज्य केले, आणि त्याच्यामागे सेत्श्वायो गादीवर आला.

याच वेळी दक्षिण आफ्रिकेच्या रंगभूमीवर मुंबईकरांच्या परिचयाचा एक पुरुष अवतरला. सर बार्टल फ्रिअर हा पूर्वी साताऱ्यास रेसिडेंट होता, आणि १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर. शहराच्या जुन्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या त्या त्याच्याच अमदानीत. १८७७ साली तो हायकमिशनर होऊन केपटाऊन येथे गेला. तेथील वसाहती व बोअर राज्ये एका छत्राखाली आणण्याचा बेत होता, आणि स्वतंत्र झुलू राज्य त्या बेताच्या आड येत होते. ट्रान्सवालशी चाललेल्या सीमावादात इंग्रजांनीच नेमलेल्या मंडळाने झुलूंची बाजू बव्हंशी न्याय्य ठरविली. ११ डिसेंबर १८७८ रोजी तुगेलाच्या काठी झुलूंच्या प्रतिनिधींना हा निवाडा वाचून दाखविण्यात आला, आणि त्याच दिवशी फ्रिअरचे निर्वाणीचे मागणेही त्यांच्यापुढे ठेवण्यात आले: तीस दिवसांत पलटणींची पद्धत मोडा. ती पद्धत मोडणे म्हणजे राज्यच मोडणे होते. एका हाताने दिलेला न्याय दुसऱ्या हाताने हिरावून घेण्याचे असे उदाहरण विरळा.

मुदत संपताच इंग्रज फौज नदी उतरली. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना डोंगराच्या पायथ्याशी सुमारे वीस हजार झुलूंनी तिची छावणी उद्ध्वस्त केली. इंग्रजांच्या बाजूचे तेराशेहून अधिक लोक पडले. झुलूंचेही निदान हजार वीर गेले. परंतु इंग्रजांना कुमक मागविता येत होती, झुलूंना ती नव्हती. ४ जुलै रोजी उलुंडी येथे एका तासाच्या आत निकाल लागला, आणि राजधानी जाळण्यात आली. सेत्श्वायो कैद होऊन केपटाऊनला गेला; राज्याचे तेरा तुकडे करण्यात आले. १८८२ साली त्याने लंडनला जाऊन व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, आणि पुढील वर्षी त्यास परत पाठविण्यात आले. परंतु तोवर यादवी पेटली होती. १८८४ साली त्याचा अंत झाला. १८८७ मध्ये मुलूख खालसा झाला. १८९६–९७ मध्ये आलेल्या बुळकांडीच्या साथीने तर गोठेच ओस पडले. इंग्रजी पलटणींनी जे अपुरे ठेवले होते ते रोगाने पुरे केले. ज्याच्या गोठ्यात गुरे नाहीत त्यास लग्न नाही आणि प्रतिष्ठाही नाही. मग कर भरण्यासाठी गोऱ्यांच्या खाणींची वाट धरणे तेवढे उरले.

१९०६ साली डोईपट्टीविरुद्ध बंबाथा याने बंड पुकारले. त्या वेळी गांधीजी सुमारे वीस हिंदी स्वयंसेवकांचे शुश्रूषापथक घेऊन गेले. तेथे त्यांच्या वाट्यास बहुतेक जखमी झुलूच आले. गोरे परिचारक त्यांना हात लावावयास तयार नव्हते. चाबकाच्या माराने चिघळलेल्या त्या जखमा धुताना, हे युद्ध नव्हे, हे त्यांना उमगले. ब्रह्मचर्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला तो याच मोहिमेत.

या भूमीतील वन्य पशूंची कथाही गोठ्याशीच गुंफलेली आहे. काळ्या व पांढऱ्या उम्फोलोझी नद्यांच्या मधला प्रदेश ही शाकाची राखीव शिकारभूमी होती असे परंपरा सांगते. १८९५ साली उम्फोलोझी व ह्लुह्लुवे ही राने संरक्षित झाली. त्याच सुमारास उबोम्बो येथे डेव्हिड ब्रूस या डॉक्टराने गुरांच्या 'नागाना' रोगाचा जंतू शोधून काढला, आणि तो त्सेत्से माशी वाहून नेते हे सिद्ध केले. वन्य पशूंच्या रक्तात हा जंतू वसतो हे कळताच, गुरे वाचविण्यासाठी पुढील काही दशकांत सहस्रावधी पशू गोळ्या घालून मारले गेले. गेंड्यास मात्र वगळण्यात आले, आणि ते बरे झाले. कारण विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतील पांढऱ्या गेंड्याचे शंभरही जीव उरले नव्हते, आणि जे उरले ते येथेच. १९६० नंतर इयान प्लेअर व त्याच्या सहकाऱ्यांनी येथील गेंडे दूरदूरच्या रानांत नेऊन सोडले. आज इतरत्र दिसणारे बहुतेक दक्षिणी पांढरे गेंडे त्यांचेच वंशज होत. शिंगासाठी होणारी चोरटी शिकार मात्र थांबलेली नाही. २०२३ साली या प्रांतात तीनशेहून अधिक गेंडे मारले गेले. किनाऱ्यावरचे सेंट लुशियाचे सरोवर, पाणघोडे, सुसरी आणि वाळूत अंडी घालण्यास येणारी समुद्रकासवे यांच्यासह, १९९९ साली जागतिक वारसा ठरले.

१९९४ साली दक्षिण आफ्रिकेत सर्वांस मताधिकार मिळाला. त्या वेळी नेल्सन मंडेला यांनी आपले मत डर्बनजवळील ओहलांगे विद्यालयात दिले. जॉन डुबे या झुलू शिक्षकाने १९०१ साली स्थापिलेली ही संस्था गांधीजींच्या फिनिक्स आश्रमापासून फार दूर नाही. मुलूख आता क्वाझुलू-नाताळ या नावाने प्रांत झाला आहे. झुलू राजाची गादीही मानाने चालू आहे. आणि खेड्यापाड्यांतून आजही लग्नाची बोलणी सुरू होतात ती गुरांच्या संख्येपासूनच, मग प्रत्यक्ष देवघेव रोख रकमेची का होईना. राज्ये तोफांनी मोडता येतात. गोठ्याभोवती वसलेले मन मोडावयास तोफ पुरी पडत नाही.