सही होती, मग चुकलं कुठे?

आजचा भाग कागदपत्रांचा आहे. पळवू नका, यात एका बाईचं गर्भाशय गेलंय.

मी इंटर्न्सना केसपेपर लिहायला शिकवतो, तेव्हा सुरुवात दिल्लीच्या एका खटल्यापासून करतो. मे १९९५. ४४ वर्षांची अविवाहित बाई, पाळीचा रक्तस्राव नऊ दिवस थांबेना म्हणून डॉक्टरकडे गेली. तिने संमतीपत्रावर सही केली. त्यावर काय होतं? दुर्बिणीतून तपासणी व शस्त्रक्रिया, आणि गरज पडल्यास पोट उघडणं. भूल दिली. आत पाहिल्यावर डॉक्टरांना वाटलं, गर्भाशयच काढायला हवं. सहाय्यक बाहेर आली, तिने आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजकोश, सगळं काढलं गेलं. पेशंट शुद्धीवर आली ती हे सगळं होऊन गेल्यावर.

इथे मी विचारतो, चुकलं काय? कोणीतरी म्हणतंच, "सर, सही तर घेतली होती ना!"

राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही तिची तक्रार फेटाळलीच होती. पण १६ जानेवारी २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. पेशंट सज्ञान होती, भूल उतरल्यावर स्वतः सांगू शकली असती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. मग आईची सही चालणार कशी? आणि तिने स्वतः सही केलेल्या कागदावर गर्भाशय काढण्याबद्दल एक शब्दही नव्हता. डॉक्टरांनी तिच्या भल्यासाठीच केलं असेल, तरीही. फी बुडाली, वर २५,००० रुपये भरपाई. (मला ही रक्कम आजही फार कमी वाटते.)

म्हणून मी मुलांना सांगतो, "ऑपरेशनची संमती घेतली" एवढंच लिहू नका. कोणतं ऑपरेशन, धोके काय सांगितले, दुसरा पर्याय कोणता, पेशंट काय म्हणाली, किती वाजता, हे लिहा. चूक झाली तर एक रेघ मारा, बाजूला सही आणि वेळ टाका. व्हाइटनर नको. २००२ च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, तेव्हा ती हे वाचणार आहे.

परवा एकीने विचारलं, "सर, रात्री दोनला पेशंट बेशुद्ध आणि रक्त थांबत नसेल तर?"

तर आधी जीव वाचव. मग हात धुऊन लगेच बस, आणि थांबणं का शक्य नव्हतं ते लिही.