शिक्षकाची शिदोरी : बडोदे संस्थानातील एक प्रयोग

शाळेचा इतिहास लिहिताना इमारत, पटसंख्या आणि परीक्षांचे निकाल यांची नोंद आवर्जून होते. शिक्षकाने पदवी किंवा प्रमाणपत्र घेतल्यानंतर पुढच्या तीस वर्षांत काय वाचले, याची नोंद कोठेच सापडत नाही. वस्तुतः शाळेचे खरे बळ याच नोंद नसलेल्या गोष्टीवर अवलंबून असते. ज्ञानाची शिदोरी एकदाच बांधून दिली आणि वाटेत कोठे भर पडली नाही, तर ती थोड्याच वर्षांत संपते. ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी या विषयाचे स्मरण उचित ठरावे, कारण शिक्षकाला ही भर घालण्यासाठी ग्रंथालयाचा उपयोग करण्याचा हिंदुस्थानातील एक मोठा प्रयत्न बडोदे संस्थानात झाला.

या प्रयत्नाची पूर्वपीठिका मुंबई इलाख्यात आहे. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्यापुढे पहिली अडचण शिक्षकांचीच उभी राहिली. पंतोजी होते; पण छापील पुस्तकावरून, नव्या पद्धतीने गणित व भूगोल शिकवणारा माणूस नव्हता. म्हणून शिक्षकांना मुंबईत तयार करून १८२६ मध्ये दख्खन, कोकण आणि गुजरात या प्रांतांत पाठविण्यात आले. मराठी आणि गुजराती शिक्षकांच्या या पहिल्या तुकडीचा उगम एकाच वर्गात होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे १८४५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक तयार करण्याचा वर्ग निघाला, तेव्हा त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि ते काम व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी चालविले. मराठी गद्याच्या या दोन्ही आद्य शिल्पकारांनी आपल्या उमेदीचा काही काळ मास्तरांना शिकविण्यात घालविला, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही विसरता कामा नये.

शिक्षक तयार होऊन खेड्यात गेल्यावर त्याच्याशी संबंध राखणार कसा, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे शिक्षण खात्याचे ‘मराठी शालापत्रक’ हे मासिक. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांनी त्याचे संपादन केले. विष्णुशास्त्र्यांची लेखणी मात्र खात्याच्या चाकोरीत मावणारी नव्हती. १८७५ मध्ये सरकारने हे पत्र बंद केले. शिक्षकाला वाचायला देणे म्हणजे त्याला विचार करायला लावणे होय, आणि विचार करणारा शिक्षक खात्याला नेहमीच सोयीचा वाटतो असे नाही, हा धडा त्यात होता.

दुसरा आणि अधिक मूलगामी प्रश्न महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडला. प्राथमिक शिक्षक बहुतेक उच्चवर्णीय असल्याने त्यांना शेतकऱ्यांच्या मुलांबद्दल आस्था नसते. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून घेऊन त्यांना अध्यापनाचे शिक्षण द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. पगार निदान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये असावा, असेही त्यांनी सुचविले. प्रशिक्षण, पगार आणि शिक्षकाची सामाजिक जाणीव या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हे फुल्यांनी ज्या स्पष्टतेने सांगितले, तशी स्पष्टता नंतरच्या अनेक अहवालांत आढळत नाही.

याच सुमारास बडोद्याच्या गादीवर आलेले महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची पार्श्वभूमी विलक्षण होती. १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि १८७५ मध्ये ते दत्तक आले. तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढच्या सहा वर्षांत निवडक शिक्षकांनी त्यांना घडविले आणि १८८१ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. चांगला शिक्षक मिळाला तर किती अंतर कापता येते, याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता.

१८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली शहरात व भोवतालच्या खेड्यांत त्यांनी सक्तीचे मोफत शिक्षण प्रायोगिक रीतीने सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. बडोद्याचा कायदा मात्र चालू राहिला.

पण कायदा एका हुकुमाने होतो, शिक्षक तसा होत नाही. अमरेलीच्या प्रयोगापासून सबंध संस्थानापर्यंत पोहोचण्यास तेरा वर्षे लागली, या एका गोष्टीतच कामाचा आवाका दिसतो. पुरुष आणि स्त्रिया यांच्यासाठी अध्यापक विद्यालये एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच बडोद्यात निघाली होती. मुलींना सक्ती लागू झाल्यावर स्त्री-शिक्षिकांची गरज अधिकच भासू लागली. बाई शिकवीत असेल तरच मुलगी पाठविणारी घरे त्या काळी पुष्कळ होती. म्हणून स्त्रियांचे अध्यापक विद्यालय हे मुलींच्या शाळांचे मूळच होते.

सर्वांत कठीण प्रसंग अंत्यजांच्या शाळांचा. संस्थानाने त्या १८८० नंतर लगेचच काढल्या. पण तेथे जाऊन शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. परिणामी मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ मध्ये महाराजांनी पंजाबातून आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना पाचारण केले आणि या शाळांची देखरेख त्यांच्याकडे सोपविली. त्यांनी शाळांबरोबर वसतिगृहांचीही व्यवस्था पाहिली. अध्यापन विद्यालयाचे प्रमाणपत्र मनातील शिवाशिव काढून टाकू शकत नाही, हे येथे उघड झाले. फुल्यांनी १८८२ मध्ये दिलेला इशारा बडोद्यात असा अक्षरशः खरा ठरला.

शिक्षक नेमला, शिकवून पाठविला, पुढे काय? काठेवाडातील किंवा नवसारी प्रांतातील एखाद्या खेड्यात तीन-चार इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला नवे पुस्तक दिसणार कोठून? शाळा सोडल्यानंतर मुलगा वाचायला काही नसल्यामुळे अक्षरे विसरतो, ही तक्रार सर्वत्र होती. बोलून दाखविली जात नसली, तरी शिक्षकाचीही गत फारशी वेगळी नव्हती. या दोन्ही दुखण्यांवर बडोद्याने एकच औषध योजिले, ते म्हणजे ग्रंथालय.

१९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणले. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथांचा खासगी संग्रह लोकांसाठी खुला होऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. १९१२ पासून इंग्रजी, मराठी व गुजराती अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले. बॉर्डन १९१३ मध्ये परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि नंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम पुढे नेले.

खेड्यांच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे मोतीभाई अमीन. ते मुळात शिक्षक. पेटलादच्या शाळेत काम करीत असताना त्यांनी मित्रमंडळांच्या द्वारे गावोगावी वाचनालये काढण्यास १९०६ च्या सुमारास आरंभ केला. म्हणजे सरकारी ग्रंथालय खाते जन्मण्याआधीच. सरकारने त्यांना आपल्या खात्यात घेतले. चळवळ उभी राहिल्यावर तिच्या मूळ कार्यकर्त्याला बाजूस सारण्याऐवजी त्यालाच अधिकार द्यावा, ही दृष्टी त्या काळच्या प्रशासनात होती. गावाने वर्गणी जमविली की तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, असा नियम झाला. गावाचा वाटा आधी मागितल्यामुळे ग्रंथालय ही गावाची वस्तू ठरली.

ज्या गावी तेवढेही शक्य नव्हते, तेथे फिरती पुस्तकपेटी जाई. पंधरा ते तीस पुस्तकांची ही लाकडी पेटी ठरावीक मुदतीसाठी पाठविली जाई आणि वाहतुकीचा खर्च खाते सोसत असे. ग्रंथालय अनेकदा शाळेतच असे आणि मास्तरच ग्रंथपाल होई. यातील शहाणपण साधे आहे. पेटीचे कुलूप ज्याच्या हाती, तो पुस्तके निदान चाळल्याशिवाय राहत नाही. आणि गावातील चार प्रौढ मंडळी पुस्तक मागू लागली की त्यांना उत्तर देण्यासाठी त्याला वाचणे भाग पडते. खात्याची दृश्य-शिक्षणाची शाखाही होती. तिच्या मार्फत जादूच्या दिव्याची चित्रे आणि चलच्चित्रे खेड्यांत दाखविली जात. ज्याने समुद्र पाहिला नाही, अशा मुलाला भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकास ही केवढी मदत होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

इतर विषयांतही अशीच साधने निर्माण झाली. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली आणि त्यांनी स्वरलेखनासह क्रमिक पुस्तके तयार केली. शारीरिक शिक्षणात जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रा. माणिकराव यांचे कार्य सर्वश्रुत आहे. द. चिं. मजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश हा त्याच परंपरेचा ग्रंथरूप ठेवा. रियासतकार गो. स. सरदेसाई यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. राजपुत्रांना इतिहास शिकविताना मराठीत साधनांची उणीव जाणवली, त्या पाठांच्या तयारीतून लेखन वाढत गेले आणि १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. शिक्षकाने उद्याच्या तासासाठी केलेला अभ्यास कोठवर जाऊ शकतो, याचे हे प्रमाण होय.

गुजरातच्या भूमीवर मराठी शिक्षणविचाराला मिळालेली आणखी एक देणगी म्हणजे ताराबाई मोडक. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. तेथून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहकार्यास गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि गुजरातीतील शिक्षणपत्रिका १९३३ पासून मराठीतही निघू लागली. चिपळूणकरांचे शालापत्रक सरकारी होते; ही पत्रिका शिक्षकांनी शिक्षकांसाठी चालविलेली होती. बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी पुढे जे काम केले, त्याची बीजे याच काळातील आहेत.

१९३९ मध्ये सयाजीराव आणि मोतीभाई अमीन दोघेही निवर्तले. दहा वर्षांनी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९३५ मध्ये बडोद्यात सुरू झालेले माध्यमिक अध्यापक महाविद्यालय १९४९ मध्ये नव्या विद्यापीठात समाविष्ट झाले आणि पुढे तेथील शिक्षणविषयक संशोधन देशभर मान्यता पावले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाने आणि मुख्याध्यापकाने दरवर्षी किमान पन्नास तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली. मुख्याध्यापकांचा असा स्वतंत्र उल्लेख स्वागतार्ह आहे. कारण मुख्याध्यापक वाचणारा असेल तर शाळेच्या कपाटाचे कुलूप उघडे राहते.

तथापि तास मोजता येतात, वाचन मोजता येत नाही. प्रशिक्षणाचा वर्ग पाच दिवसांनी संपतो आणि पडद्यावरील पाठ पाहून प्रमाणपत्रही मिळते. त्यानंतरच्या एकाकी संध्याकाळी शिक्षकाच्या हाताशी काय असते, हा बडोद्याने विचारलेला प्रश्न अद्याप शिल्लक आहे. बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांच्या बाबतीत तर तो अधिक तीव्र आहे. तेथे मराठी शिक्षकाला त्याच्या भाषेतील नवे पुस्तक शासकीय यंत्रणेकडून मिळण्याचा संभव कमी. स्थानिक मराठी ग्रंथालय हाच त्याचा आधार. ग्रंथालयाने शिक्षकांसाठी एक कपाट वेगळे ठेवावे, अध्यापनविषयक नियतकालिके मागवावीत, महिन्यातून एकदा त्यांना चर्चेसाठी जागा द्यावी आणि दूरच्या शाळेकडे वीस पुस्तकांची एक पेटी पाठवावी, एवढे करण्यास राजाश्रय लागत नाही. गावाची वर्गणी आणि एखादा मोतीभाई असला म्हणजे पुरते.