वारा पडल्यावर जहाज कोण ओढणार? मराठा आरमारातील भाराचे गणित

१/ डोंबिवलीच्या मोठागावहून मानकोलीकडे येताना पुलाखाली उल्हास नदीची खाडी दिसते. मानकोलीत शिरल्यावर मात्र नजर गोदामे आणि कंटेनरच्या रांगांवरच खिळते. साडेतीनशे वर्षांपूर्वी कल्याणास बांधलेली नौका समुद्राकडे निघाली, की तिला याच पाण्यावरून जावे लागे. हा धागा त्या नौकांचा आणि त्यांना दोर लावून ओढणाऱ्या लहान नौकांचा.

२/ ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. पुढच्या दोन वर्षांत येथील खाड्यांमध्ये लढाऊ नौका बांधल्या जात असल्याची चिंता १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात उमटलेली दिसते. चिंतेचे कारण उघड होते. खाडी वसईजवळ समुद्रास मिळते, आणि वसई व ठाणे ही दोन्ही ठिकाणे तेव्हा पोर्तुगीजांकडे होती.

३/ या कामावर रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी या मंडळींचे मन वळवले आणि ती काम टाकून निघून गेली. काम मात्र थांबले नाही. उरलेली विद्या स्थानिक हातांनी पुढे नेली.

४/ खाडीतून नौका बाहेर काढणे हे बांधण्याइतकेच कठीण. पात्र वळणाचे, पाणी भरती-ओहोटीच्या तालावर चालणारे, आणि वारा कधी समोरून तर कधी अजिबात नाही. अशा जागी नुसत्या शिडावर विसंबलेले जहाज अडकून पडते. वल्ही आणि दोर यांचे महत्त्व येथून सुरू होते.

५/ मराठा आरमाराचे दोन मुख्य घटक म्हणजे गुराब आणि गलबत. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन करताना दोहोंची मापे दिली आहेत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची, तीनांची ३०० टनांपर्यंत. नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा हे तिचे वैशिष्ट्य.

६/ गलबत त्याहून खूप लहान, क्वचितच ७० टनांच्या वर. शीड असे, पण खरा जोर ४०-५० वल्ह्यांचा. मोठ्या गलबतांवर लहान तोफा, तर छोट्यांवर केवळ फिरत्या खुंटावरच्या हलक्या तोफा. आणि येथे एक बारीकसा तपशील येतो: छोट्या गलबतांचा वरचा तक्ता लाकडी फळ्यांचा नसून चिरलेल्या बांबूंचा असे.

७/ बांबू का? ऑर्म एकच कारण देतो: हलकेपणा. वल्हवणाऱ्याला प्रत्येक फळीचे वजन आपल्या दंडांनी पेलावे लागते. आणि ज्या नौकेला स्वतःबरोबर दुसरीही ओढायची आहे, तिने आपल्या अंगावर काय ठेवायचे आणि काय नाही, याचा निर्णय आधीच घेतलेला बरा.

८/ युद्धात हे गणित असे उतरे. वारा पडला, शत्रूचे उंच जहाज जागच्या जागी थबकले, की गलबते गुराबांना दोर लावून ओढत पुढे नेत. शत्रूच्या पिछाडीस येऊन गुराबा त्याच्या डोलकाठ्या आणि शिडे फोडीत. जहाज पंगू झाले, की माणसांनी भरलेली गलबते चहूबाजूंनी भिडत आणि तलवारी उपसून लोक वर चढत.

९/ हे केवळ आंग्र्यांचे चातुर्य नव्हते, ते राज्याचे धोरण होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) वाऱ्याविना निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे बांधू नयेत, मध्यम गुराबा आणि गलबते सजवावीत, असा स्पष्ट निर्देश आहे. एका सुभ्यात ५ गुराबा आणि १५ गलबते. म्हणजे एका गुराबेमागे तीन गलबते.

१०/ भाराचा प्रश्न किती जीवघेणा होता, हे १७५५ मध्ये दिसले. सुवर्णदुर्गावर इंग्रजांचा जेम्स आणि पेशव्यांचे आरमार चालून आले. तुळाजी आंग्र्यांची जहाजे मंद वाऱ्यात पळाली. खलाशांनी अनावश्यक सामान समुद्रात फेकले, आणि वाऱ्याची झुळूक पकडण्यासाठी अंगावरची वस्त्रे आणि पागोटीसुद्धा वर टांगली. जहाजे निसटली, किल्ला मात्र पडला.

११/ ओढण्याइतकाच प्रश्न ठेवण्याचा. पावसाळ्यात समुद्र बंद. आज्ञापत्र सांगते की त्याआधीच आरमार किल्ल्याच्या आश्रयाने सुरक्षित खाडीत छावणीस न्यावे, आणि दरसाल एकाच बंदरी ठेवू नये. कारण आरमारी लोकांना कितीही धाकात ठेवले तरी रयतेस उपद्रव होतोच. नौका कोठे ठेवायची, हा त्या काळी शेजाऱ्यांचाही प्रश्न होता.

१२/ फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गाखाली तुळाजींची जहाजे एकमेकांना बांधून उभी होती. वॉटसनच्या ताफ्यातून आलेला एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकले होते. ते पेटले आणि त्याची आग साऱ्या आरमारात पसरली. जो दोर एरवी जहाजाला संकटातून ओढून काढी, त्याच्याच बंधनात ती जळाली.

१३/ या पराभवाचा विचार करताना आपण बहुधा तोफांची संख्या आणि फितुरी मोजतो. दोर, वल्ही, बांबूचा तक्ता आणि छावणीची जागा मोजत नाही. वल्हवणाऱ्यांची नावे तर कोणत्याच यादीत नाहीत. मराठ्यांचे समुद्रावरील बळ मात्र त्यांच्याच दंडांत होते.

१४/ आता मानकोलीच्या पुलावरून जाल तेव्हा क्षणभर खाली पाहा. ओहोटी लागली असेल, वारा पडला असेल, तर कल्पना करा: पुढे वल्ह्यांची एक हलकी नौका, मध्ये ताणलेला दोर आणि मागे सावकाश येणारे जहाज. धागा येथे संपतो.